पर्यावरणाची पदवी आणि समाजाचे पुढारपण



आपल्या घरांतील मुले-मुली आता पर्यावरणशास्त्राच्या व पर्यावरण अभियांत्रिकीच्या पदव्या घेऊ लागली आहेत. कोणी प्रदूषण नियंत्रण मंडळात लागतो, कोणी नगरपालिकेच्या घनकचरा विभागात, तर कोणी कारखान्यांसाठी पर्यावरण अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार संस्थेत. पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो, आणि आपले कर्तव्य तेथे संपले असे आपण समजून चालतो. ही समजूत घातक आहे. पदवीने नोकरी मिळते. पुढारपण मिळत नाही. ते वेगळे शिकवावे लागते, आणि ते शिकविण्याची जबाबदारी समाजाची आहे.

“पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय, आपल्याला त्याचे काय?” असा प्रश्न आपल्यातलेच काही लोक विचारतात. त्यांनी महाडचे स्मरण करावे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते सार्वजनिक पाण्यावर माणूस म्हणून आपला हक्क सांगण्यासाठी. त्या तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने निकालात निघाला. तळे कोणाचे हा प्रश्न तेव्हा होता. आज नळ आला आहे, परंतु त्या पाण्यात काय मिसळले आहे, शहराचा कचरा कोणाच्या दारात पडतो, कारखान्याची राख कोणाच्या शेतात उतरते, हे प्रश्न उभे आहेत. जुलै २०२२ मध्ये कोराडी औष्णिक वीजकेंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत व नाल्यांत शिरले. ज्या नागपुरात आपण दीक्षा घेतली, त्या नागपूरच्या वेशीवरची ही गोष्ट आहे. गटारात उतरून गुदमरून मरणारा माणूस कोणत्या समाजाचा असतो, हे तर तुम्हाला सांगावयास नको. अशा मृत्यूबद्दल कुटुंबास किमान ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी दिला. पण तो आदेश त्या कुटुंबाच्या झोपडीपर्यंत नेणार कोण?

पुढारी जन्मावा लागतो, ही कल्पना बाबासाहेबांनी मानली नाही. जुलै १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा काढली. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थी होते. त्याच वर्षी ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले, आणि ती पहिली तुकडीच शेवटची ठरली. स्वतः बाबासाहेब अभियंते नव्हते. परंतु १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेची धुरा त्यांनी वाहिली. नदीच्या पुराचा प्रश्न वीज, सिंचन आणि गरिबांच्या भाकरीशी जोडून पाहण्याची दृष्टी त्यांच्यापाशी होती. आपल्या तरुण पर्यावरण-तज्ज्ञांना हीच दृष्टी द्यावयाची आहे.

तर मग त्यांना शिकवावयाचे काय? प्रथम कायदा. १९७४ चा जलप्रदूषणाचा, १९८१ चा वायुप्रदूषणाचा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षणाचा, हे तीन कायदे त्यांनी मुळातून वाचले पाहिजेत. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पांना जनसुनावणी आवश्यक आहे, तेथे निदान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो, आणि हजर असलेल्या कोणाही माणसास खुलासा मागता येतो. मात्र सुनावणीस किमान अमुक माणसे हवीत असे बंधन नाही. म्हणजे आपण गेलो नाही, तरी सुनावणी झाली असेच कागदावर येते! परवानगी मिळाल्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करावयाचे तर मुदत ३० दिवसांची. सबळ कारण असल्यास आणखी फार तर ६० दिवस. मुदत टळल्यावर कागदांची थैली घेऊन येणारे पक्षकार आम्हां वकिलांना नित्य भेटतात. त्यांच्या वस्तीत पर्यावरणाचा एखादा पदवीधर असतोही. पण त्याला हा हिशेब कोणी शिकविलेला नसतो.

दुसरे शिक्षण भाषेचे. अहवाल इंग्रजीत, शेकडो पानांचा, आकड्यांनी भरलेला. त्यातील दोन पाने आपल्या आजीला समजतील अशा मराठीत जो सांगू शकत नाही, तो पदवीधर असेल, पण पुढारी नव्हे. आणि वस्तीतील बायाबापड्या विहिरीच्या पाण्याचा रंग केव्हा बदलला हे सांगतात, तेव्हा ते ऐकून घेऊन, रीतसर नमुना घेऊन, तपासून पुराव्यात मांडणे हेही त्याचेच काम. ऐकण्याची सवय लावून घ्यावी लागते.

तिसरे शिक्षण सर्वांत कठीण आहे, आणि ते शाळेत मिळत नाही. पर्यावरण अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराचे पैसे प्रकल्प उभारणाराच देतो. ज्याचा दोष लिहावयाचा त्याच्याच हातून पगार घ्यावयाचा, अशा कचाट्यात आपला तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी सापडते. त्या दिवशी संध्याकाळी ती घरी येऊन आईवडिलांना विचारते, “खरे लिहू की नको?” येथे मी तुम्हाला उद्देशून बोलतो आहे. तुम्ही काय उत्तर देणार? “नोकरी सांभाळ, गप्प बस,” असे म्हणाल, तर पंचशीलातील चौथे शील तुम्ही केवळ वंदनेपुरते ठेविले असे होईल. घोषणा देण्यास किंवा राजीनामा फेकण्यास तिला कोणी सांगत नाही. मोजलेला आकडा जसा आहे तसा लिहावा, खोट्या कागदावर सही करू नये, आणि प्रसंग आला तर समाज आपल्या पाठीशी उभा आहे हा विश्वास तिला असावा, एवढेच. हा विश्वास तुम्ही दिला नाही, तर दुसरा कोण देणार? शिकलेल्या लोकांनी समाजाकडे पाठ फिरविली, हे दुःख बाबासाहेबांनी १९५६ मध्ये आग्र्यास बोलून दाखविले होते. मात्र एकट्या पडलेल्या शिकलेल्या मुलाला दोष देण्यापूर्वी आपणही आपल्याकडे पाहावे.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक जिल्ह्यातील एका विहाराने वर्षभर रविवारचा वर्ग चालवावा. नोकरीस लागून पाच वर्षे झालेली नाहीत अशी पंधरा मुले-मुली घ्यावीत. त्यांत निम्म्या मुली असाव्यात. वकिलाने कायदा शिकवावा, प्राध्यापकाने पाण्याची तपासणी, आणि सफाई कामगाराने गटारातील वास्तव. वर्षअखेर प्रत्येकाने एका वस्तीच्या पाण्याचा किंवा कचऱ्याचा अहवाल मराठीत लिहून तेथेच वाचून दाखवावा. खर्चाचे म्हणाल, तर मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यास देण्यास बाबासाहेबांनी नागपूरला सांगितलेच आहे. आणि ज्या घरांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे त्यांनी, धर्मांतरामुळे मुलांच्या सवलती जातील या भीतीने मागे राहू नये. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही ते हक्क लागू झाले आहेत.

तळ्यावर जाण्यासाठी आपल्या आज्या-पणज्यांना पदवी लागली नव्हती. धैर्य लागले होते. आपल्या मुलांजवळ पदवी आली आहे. धैर्य एकट्याने कमविता येत नाही. ते त्यांना तुमच्या घरातून मिळाले पाहिजे.

जय भीम!