अंधारांतील पाऊल

अलिबागेच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळीं कुलाबा किल्ल्यांतील गणपतीच्या दर्शनास पायीं जातां येतें, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. वाटेंत कोठें दगड शेवाळानें निसरडा, तर कोठें ओल्या वाळूंत पाऊल रुततें. तरीही सात वर्षांची एखादी मुलगी आजोबांशीं गप्पा मारीत ही वाट सहज चालून जाते. पाऊल घसरूं लागतांच तिचे हात पसरतात, पोटरी आवळते, कंबर सांवरते. विचार मागाहून येतो. हा कारभार चालवितो कोण?

शरीरानें यासाठीं तीन साक्षीदार नेमले आहेत. पहिला डोळा. दुसरा अंतःकर्ण. प्रत्येक कानांत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून डोकें वळतांच त्यांतील द्रव त्याची वर्दी देतो. शेजारच्या दोन पिशव्यांतील सूक्ष्म खडे डोकें कोणीकडे कललें तें सांगतात. तिसरा साक्षीदार पायांतच राहतो. तळव्यांची त्वचा, स्नायू व सांधे आपली वार्ता मज्जारज्जूच्या मागील भागांतून वर धाडितात. कवटीच्या पाठीमागचा लहान मेंदू या तिन्ही साक्षी ताडून पाहतो आणि कोणता स्नायू किती आवळावा व कोणता सैल सोडावा, हें क्षणोक्षणीं ठरवितो.

तिसरा साक्षीदार मुका झाला, तरी डोळे बरेच दिवस त्याचें काम निभावून नेतात. म्हणून दोष दिवसा झांकला जातो आणि डोळे मिटतांच उघडा पडतो. एकोणिसाव्या शतकांत जर्मन वैद्य रोम्बर्ग यांनीं याच खुणेकडे लक्ष वेधलें. आपल्या घरांत ती मोरीवर दिसते: तोंड धुतांना डोळे मिटले कीं आजोबा झोंकांडी खातात, दिवा मालवला कीं आजी भिंत चांचपते. आपण म्हणतों, “वय झालें!”

वय हें एक कारण खरें; परंतु शाकाहारी कुटुंबांनीं दुसरेंही ध्यानांत ठेवावें. मज्जातंतूंवरील वेष्टण सुस्थितींत राहण्यास बी-१२ जीवनसत्त्व लागतें. तें मासळींत, मांसांत, अंड्यांत व कांहींसें दुधादह्यांत मिळतें, धान्य-भाजींत नाहीं. शेजारच्या कोळीवाड्यास जें ताटांत लाभतें, त्याची आपल्या घरीं वाण पडूं शकते. उतारवयांत तें अंगीं कमी लागतें. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेंही तें घटूं शकतें. यकृतांतील सांठा वर्षानुवर्षें पुरत असल्यामुळें उणीव उशिरां कळते.

तेव्हां पायांस मुंग्या येणें, चप्पल निसटली तरी न कळणें, अंधारांत तोल जाणें, यांपैकीं कांहीं आढळल्यास वडील माणसांस डॉक्टरांकडे न्यावें व रक्त तपासून घ्यावें. उणीव ठरल्यास गोळ्या किंवा इंजेक्शनें हा सोपा उपाय आहे. मात्र फार विलंब झाल्यास मज्जारज्जूची हानि पुरती भरून येत नाहीं. तोंवर मोरीच्या वाटेवर रात्रभर एक दिवा असूं द्यावा. “वय झालें” हा उद्गार आहे, निदान नव्हे.