सटवाईचं लिहिणं, तलाठ्याचं लिहिणं

मध्यंतरी मावळातल्या कुसगावला बचत गटाच्या बैठकीला गेले होते. जिच्याकडे उतरले, तिच्या नातीची त्या दिवशी पाचवी होती. पाटा-वरवंटा पुजून झाल्यावर आजीनं पुढ्यात कोरा कागद आणि पेन ठेवलं. रात्री सटवाई येणार आणि पोरीचं नशीब लिहून जाणार!

बैठकीत एक बाई सारखी गप्प होती. द्रुतगती मार्ग झाला, बंगले उठले आणि या भागातल्या जमिनीला भाव आला. तिच्या भावांनी वडिलोपार्जित जमीन विकायला काढली होती आणि हक्कसोडपत्रावर तिची सही मागितली होती. उठता उठता ती म्हणाली, "करून टाकते ताई सही. सटवाईनं लिहिलेलं कुणाला चुकलंय?"

'ही अंधश्रद्धा आहे' असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण मला आठवली ती इरावती कर्व्यांनी १९५० साली इंग्रजी नियतकालिकात छापलेली एक मराठी लोककथा. सटवाईची मुलगी आईला विचारते, माझ्या कपाळी काय लिहिलंस? आई सांगते, तू आपल्याच मुलाशी लग्न करशील. मुलगी घाबरून रानात जाऊन राहते, पुरुषाचं तोंड पाहायचं नाही म्हणून. तिथलं पाणी पिण्याचं निमित्त होऊन तिला दिवस जातात. झालेलं मूल ती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून टाकून देते. ते दुसरीकडे वाढतं, मोठं होऊन त्याच रानात येतं आणि दोघांचं लग्न होतं. पुढे सासरी तो लुगड्याचा तुकडा तिच्या नजरेस पडतो. तिला सगळं कळतं आणि ती गप्प राहून संसार करते.

हीच गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये सोफोक्लिसनं रंगभूमीवर आणली. पु. ल. देशपांड्यांनी ते नाटक 'राजा ओयदिपौस' या नावानं मराठीत आणलं. तिथं भविष्य पुरुषाचं, शोध पुरुषाचा, शोकही पुरुषाचा. पण त्याची आई आणि बायको असलेली योकास्ता खरं काय ते त्याच्या आधी ओळखते. 'आता शोध थांबव' म्हणून विनवते, आत निघून जाते आणि गळफास घेते. एकीनं मरण पत्करलं, दुसरीनं मौन. जाणत्या बाईला दोन्हीकडे तिसरी वाट ठेवलेली नाही.

या दोन्ही गोष्टींत मला अस्वस्थ करतं ते वेगळंच. नशीब गाठतं ते पळण्याच्याच वाटेवर. रानात गेली नसती तर ते पाणी प्याली नसती. मूल टाकलं नसतं तर त्याला ओळखलं असतं.

कुसगावच्या त्या बाईचंही तसंच आहे. ती सही का करते? उद्या नवऱ्यानं हाकललं तर माहेरचं दार उघडं राहावं, भाऊबीजेला ताट मिळावं म्हणून. आणि सही केल्यावर त्या घरावर, त्या शेतावर तिचा काय हक्क उरतो? ज्या भीतीपोटी हक्क सोडला, त्या भीतीच्या हाती ती रिकाम्या हातानं सापडते. आपल्यातल्या कितीजणींनी दार उघडं राहावं म्हणून सही केली आणि दार बंद झालेलं पाहिलं, ते आठवा.

फरक एवढाच की हे लिहिणं सटवाईचं नाही. सातबारा तलाठी लिहितो, हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदलं जातं. माणसानं लिहिलेलं माणसाला बदलता येतं, आणि ते बदललंही आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली कायदा दुरुस्त करून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांसारखा हक्क दिला. त्यातून आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली. वडील २००५ पूर्वी वारले असतील तर काय, हा वाद ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं मिटवला. मुलीचा हक्क जन्मानंच आहे, त्यासाठी त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही.

पण कायदा माहेर देत नाही, हेही आपण मान्य केलं पाहिजे. भावाशी बोलणं तुटलं तर सणावाराला ती एकटी पडते आणि आपण घोषणा देऊन घरी परततो. म्हणून 'सही करू नकोस' असा हुकूम मी तिला दिला नाही. एवढंच म्हटलं, वाचल्याशिवाय करू नकोस, एकटी जाऊ नकोस, आणि करायचीच तर हिश्शाची किंमत जाणून कर. ती म्हणाली, "बघते." ती गप्प राहिली नाही, याचं मला मोल वाटलं.

मैत्रिणींनो, आपल्या गटातल्या प्रत्येकीनं माहेरचा आणि सासरचा सातबारा काढून आणावा, पुढच्या बैठकीत तो मोठ्यानं वाचावा. नाव कुणाचं आहे, कुणाचं नाही, ते सर्वांनी ऐकावं. आणि जिला निबंधकाच्या कचेरीत जायचं असेल, तिच्यासोबत दोघींनी तरी जावं.

सकाळी निघताना कुसगावच्या त्या घरातला कागद पाहिला. तो अजून कोराच होता.