चिमणराव मोकळे झाले, आता वाचा तरी!

ऑगस्ट २०२५ मध्ये बाळ कर्वे गेले, तेव्हा बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "गुंड्याभाऊ गेले." मुंबई दूरदर्शनवरची सत्तरच्या दशकातली ती मालिका. दिलीप प्रभावळकर चिमणराव, कर्वे गुंड्याभाऊ. माझ्या जन्माच्या वीसेक वर्षं आधीची गोष्ट, पण विषय निघाला की आमचे बाबा सुरूच होतात. एकच चॅनेल, कृष्णधवल पडदा, शेजाऱ्यांनी भरलेली खोली वगैरे वगैरे...

गंमत बघा, या आठवणींत चि. वि. जोशी (१८९२-१९६३) कुठेच नसतात! ही जोडी त्यांची. मालिकेच्या कितीतरी आधीची, कागदावरची.

चिवि पेशाने प्राध्यापक. बडोद्याच्या कॉलेजात पाली शिकवायचे, बौद्ध वाङ्मयाचा अभ्यास करायचे. 'शाक्यमुनि गौतम' आणि 'चिमणरावाचे चऱ्हाट' एकाच माणसाने लिहिलंय, याचं मला तरी नवल वाटत नाही. चिमणरावाची फजिती होते, पण लेखक त्याला कधी तुच्छ लेखत नाही. हसू येतं, आणि त्याची थोडी दयाही येते.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं कॉपीराइट असतो. म्हणजे चिविंनी हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०२४ पासून सगळ्यांचं झालं. (नंतरच्या आवृत्त्यांतल्या इतरांच्या प्रस्तावना, चित्रं आणि ती मालिका यांचे हक्क वेगळे.)

पण "मोकळं झालं" म्हणजे "मिळालं" नव्हे. जुन्या पुस्तकाचं स्कॅन म्हणजे नुसते फोटो. त्यात शब्द शोधता येत नाही, मोबाईलवर अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. ओसीआर लावा, तर जुन्या छपाईतली जोडाक्षरं आणि पुसट मात्रा हमखास चुकतात. विनोदात एक शब्द चुकला की विनोदच मेला! शेवटी माणसानेच बसून तपासायला हवं. विकिस्रोतावर त्याची सोय आहे, मूळ पान आणि टाइप केलेला मजकूर शेजारी-शेजारी दिसतो.

मला वाटतं, जुन्या मालिकेच्या आठवणी काढण्यात आपण जेवढा वेळ घालवतो, त्यातला थोडा इथे द्यावा. मालिका आठवायला ती तेव्हा पाहिलेली असावी लागते. पुस्तकाला ती अट नाही, ते आजच्या दहा वर्षांच्या पोरालाही हसवू शकतं.

रविवारी चार पानं तपासायला फार तर तासभर जातो. मग, कोण कोण येतंय?