साठी उलटली, देणे फिटले काय?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ विमानाला भारतीय वायुसेनेने निरोप दिला. त्या दिवशी ओझरच्या अनेक घरांत जुने फोटो बाहेर निघाले असतील. १९६४ साली येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि मिग-२१चे सांगाडे याच गावात जोडले गेले. निफाड, दिंडोरी, येवला, चांदवडच्या ज्या वस्त्यांत वाडवडिलांनी येसकरकी केली, तेथली पोरे आरक्षणाच्या हक्काने या कारखान्यात फिटर झाली, तंत्रज्ञ झाली, काही अधिकारीही झाले. आज ती पिढी निवृत्त झाली आहे. विमान निवृत्त झाले की ते चौकात उभे करता येते. माणसाचे काय करायचे?

निवृत्तांसमोर सध्या दोनच वाटा ठेवल्या जातात. एक, अनुभव विकून पुन्हा पगार घ्यावा. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला तेजस विमानांची नवी उत्पादन साखळी सुरू झाली. सातपूर-अंबडचे कारखाने आहेतच. जाणत्या हातांना मागणी राहणार हे उघड आहे. दुसरी वाट, घराला मजला चढवावा, नातवंडे खेळवावीत, कोणाच्या अध्यातमध्यात पडू नये.

आम्ही या दोन्ही वाटांना सरसकट नावे ठेवणार नाही. सार्वजनिक उपक्रमातल्या साध्या कामगाराला सरकारी नोकरासारखी पेन्शन नसते. ईपीएस-९५ योजनेत ३५ वर्षांच्या नोकरीचे निवृत्तिवेतन १५ हजारांच्या वेतनमर्यादेने धरले, तर ते साडेसात हजारांच्या आसपास जाते. मुलीचे लग्न बाकी आहे, घरात आजारपण आहे, अशा माणसाने साठीनंतर काम धरले तर त्याला लोभी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? ज्याची हाडे खरोखर झिजली, त्याने विसावा घेतला तर तोही त्याचा हक्कच आहे.

प्रश्न आहे तो ज्यांचे सर्व स्थिरस्थावर झाले आहे त्यांचा. राज्य शासनाने जुलै २०२३ मध्ये जिल्हा परिषद शाळांतील रिक्त जागांवर सेवानिवृत्त शिक्षकांना दरमहा २० हजार रुपये मानधनावर, वयाच्या सत्तरीपर्यंत, घेण्याचा निर्णय केला. पेन्शनधारकाला खुर्ची मिळाली आणि डी.एड. झालेला तरुण दारातच राहिला. कायम भरती झाली असती तर बिंदुनामावली लागली असती. कंत्राटी जागेवर आरक्षण पाळले की नाही, हे विचारायला कोण जातो? ज्या दाराने आपण आत आलो, तेच दार आपल्या पाठीने बंद होत असेल, तर त्या मानधनाचा हिशेब पुन्हा मांडला पाहिजे.

बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला तेव्हा त्यांचे वय होते साठ! वकिली करून पैसा मिळवणे त्यांना अशक्य नव्हते. शरीर मधुमेहाने पोखरले होते, म्हणून विश्रांती घेतली असती तरी कोणी बोल लावला नसता. पण 'बुद्ध आणि त्याचा धम्म' लिहिला गेला तो त्यानंतर. १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा उभी राहिली तीही त्यानंतर आणि १४ ऑक्टोबर १९५६ची नागपूरची दीक्षाही त्यानंतरच. साठीनंतरच्या या पाच वर्षांनी आपल्याला नवे नाव दिले.

कांशीराम साहेबांनी तर पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेतली नोकरी ऐन तारुण्यात सोडली. ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफ स्थापन झाली तेव्हा नोकरदारांकडे मागणे एवढेच होते: बुद्धी, पैसा आणि वेळ समाजाला द्या. नोकरीत असताना आपण म्हणालो, पैसा घ्या, वेळ नाही. आता वेळ आहे, तर म्हणतो, तब्येत नाही! मग कंत्राटाची ऑर्डर येताच तब्येत सुधारते कशी?

ओझरच्या निवृत्त बांधवांकडे एक असे धन आहे जे कोणत्याही पुढाऱ्याकडे नाही. ड्रॉइंग वाचणे, मायक्रोमीटर धरणे, शंभराव्या भागाची चूक नजरेने हेरणे. आयटीआयच्या पोराला अप्रेंटिसशिपच्या परीक्षेआधी हे कोणी बसून शिकवले, तर त्याला महागडी शिकवणी लागणार नाही. बुद्धविहार पौर्णिमेला भरते. बाकीचे दिवस कुलूप असते. आठवड्यातून दोन संध्याकाळी ते कुलूप काढा. एकाने गणित घ्यावे, एकाने शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यावेत, एकाने माहितीच्या अधिकारात रिक्त जागांचा हिशेब मागावा.

गरज असेल त्याने खुशाल पगार घ्यावा, थकलेल्याने खुशाल विसावा घ्यावा. पण ज्याला गरजही नाही आणि थकवाही नाही, त्याने आरक्षणाच्या त्या पहिल्या नेमणूकपत्राची आठवण ठेवावी. कारखान्याने आपल्याला साठाव्या वर्षी मोकळे केले. समाजाने अजून केलेले नाही.

जयभीम!