तुळईच्या टोकावरचा पाऊस

मागच्या महिन्यात आम्ही कामणला एका आप्तांच्या घरी गेलो होतो. चिंचोटीहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव, पाठीशी तुंगारेश्वरचा डोंगर. जुनं कौलारू घर उतरवून तिथे स्लॅबचं घर बांधायचं ठरलं आहे. त्यामुळे अंगणात वासे, खांब आणि सागाच्या तुळया एकावर एक रचून ठेवल्या होत्या. जुनं लाकूड घेणारा व्यापारी सकाळीच भाव सांगून गेला होता.

चहा झाला आणि वाद सुरू झाला. घरातले थोरले चाचा म्हणाले, "पाऊस आजच लहरी झाला काय? आमच्या लहानपणीही असाच होता. कधी बुडवायचा, कधी रडवायचा." कॉलेजात जाणारा पुतण्या म्हणाला, "चाचा, जुलै २०१८ मध्ये वसईत कंबरभर पाणी होतं. असं पूर्वी व्हायचं का? हे सगळं धुराचं आणि कार्बनचं काम आहे." दोघांनीही आमच्याकडे पाहिलं. पंच व्हायची आमची तयारी नव्हती. आम्ही अंगणातल्या तुळईच्या ताज्या कापलेल्या टोकाकडे बोट दाखवलं.

साग उन्हाळ्यात पानं गाळून थांबतो आणि पावसाच्या सुमारास पुन्हा वाढू लागतो. त्या सुरुवातीच्या लाकडात मोठी छिद्रं असतात, ती नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. छिद्रांची एक ओळ म्हणजे एका वर्षाची सुरुवात. आपल्याकडच्या बहुतेक झाडांत अशा स्पष्ट रेषा नसतात, म्हणून साग हा अभ्यासकांचा लाडका. (अरबीत त्याला 'साज' म्हणतात. आपल्या 'साग'शी त्याचं नातं सांगायला नकोच.) झाडाचं बरं गेलेलं वर्ष रुंद वलय ठेवून जातं आणि हलाखीचं वर्ष अरुंद.

आता कुणी म्हणेल, मग मोजा वलयं आणि सांगा पाऊस. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! पावसाने मध्येच मोठी दडी मारली आणि तो पुन्हा आला, तर झाड एकाच वर्षात दोन रेषा उमटवू शकतं. फार वाईट वर्षी एखादी रेषा उमटतही नाही. शिवाय तुळई चौकोनी तासताना सुताराने बाहेरची वलयं काढून टाकलेली असतात. त्यामुळे वलयं मोजता आली तरी शेवटचं वलय कोणत्या सालचं, हे त्या एका तुळईवरून कळत नाही. त्यासाठी अनेक झाडांचे नमुने शेजारी ठेवून रुंद-अरुंद वलयांचा क्रम जुळवावा लागतो.

आम्ही हे सांगत होतो तेव्हा आतून दादी म्हणाल्या, "म्हणजे आम्ही करतो तेच की." त्यांच्या घरात कुणाचा जन्मदाखला नाही. पूर आला त्या साली मोठी फुफी झाली, इस्तिस्काची नमाज झाली त्याच्या पुढच्या साली धाकटे चाचा. चार घरांच्या आठवणी ताडून पाहिल्या की साल बरोबर निघतं. वलयं जुळवण्याची पद्धत इतक्या थोडक्यात आम्हाला सांगता आली नसती.

या भागातल्या सागाला तर विज्ञानात मानाची जागा आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी कामण ठाणे जिल्ह्यातच होतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी १९८३ मध्ये ठाणे परिसरातल्या सागाच्या वलयांचा हवामानाशी संबंध तपासला. कोकणात पाऊस इतका की थोड्याफार कमतरतेने सागाची वाढ फारशी अडत नाही, म्हणून नुसत्या रुंदीवर भागत नाही. मग आर. रमेश, एस. के. भट्टाचार्य आणि पंत यांनी लाकडातला हायड्रोजन मोजला. पाण्यात थोडा जड हायड्रोजनही असतो. पाऊस भरपूर पडतो तेव्हा त्याचं प्रमाण घटतं. तेच पाणी झाड पितं आणि त्याची खूण लाकडात राहते. त्यांचा हा निबंध १९८९ मध्ये 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला.

पुढे बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळच्या सागावरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका बांधली. त्यातली बरीच खुरटी वर्षं एल निनोची निघाली. यासाठी जिवंत झाड पाडावं लागत नाही. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढी कांडी काढून घेतात.

सागाच्याही मागे जायचं तर लोणार आहे. सरोवराच्या तळातून सुमारे १० मीटर गाळाचा उभा नमुना काढला गेला. पाणी आटून खारटपणा वाढला की तिथे गेलुसाइट या क्षाराचे स्फटिक तयार होतात. हे स्फटिक आणि गाळातल्या इतर खुणांवरून दोन दीर्घ कोरडे काळ ओळखले गेले: सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आणि सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वी. तेव्हा ना गिरणी होती, ना मोटार.

"बघ!" चाचांनी पुतण्याला टोकलं. पण चाचांचा हा विजय आम्हाला मान्य नाही. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडेही असंच एक जुनं दप्तर आहे. त्यानुसार गेल्या ८ लाख वर्षांत हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखांत ३०० भागांच्या आसपासच अडलं. आज ते ४२०च्या पुढे आहे. निसर्ग एकट्याने शतकानुशतकं पाऊस हिरावू शकतो, हे लोणार सांगतं, आणि त्यावर आपण आपली भर घालतो आहोत. "पूर्वीही असं व्हायचं" हे वाक्य खाडीकाठची जमीन भरावाने बुजवणाऱ्याच्या तोंडी फार येतं. पूर्वी व्हायचं, म्हणूनच तर पाण्याची वाट मोकळी ठेवायला हवी. आणि "शंभर वर्षांत एकदा येणारा पाऊस" म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की देशाच्या पावसाची सलग आकडेवारी १८७१ पासूनची. म्हणजे शंभराचा हिशेब जेमतेम दीड वेळा झाला आहे.

व्यापारी दुपारी टेम्पो घेऊन आला. तुळया गेल्या. जाण्याआधी पुतण्याने सुताराकडून एका टोकाची चार बोटं जाडीची चकती कापून घेतली आणि पॉलिश पेपरने घासली. परवा फोनवर म्हणाला, ८३ पर्यंत मोजून झालं, पुढे दोन रेषा अगदी चिकटून आहेत. त्या एका वर्षाच्या की दोन, यावरून चाचांशी पुन्हा जुंपली आहे.