तराजूला कस कळत नाही

दिवाळीच्या तोंडावर चुलतभावाच्या मळ्यात गेलो होतो. अकोटच्या बाहेर, सातपुड्याकडे तोंड करून असलेला हा मळा. पालकाच्या वाफ्यात उभा राहून तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, "पाहा ना भाऊ, पानं कशी चमकून राह्यली!" बांधावर समुद्रशेवाळाच्या टॉनिकाची रिकामी बाटली पडली होती, उधारीवर आणलेली. मी पडलो मास्तर. विचारले, "चमक दिसते रे, पण लोह किती वाढलं?" त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी पालकाची जन्मपत्रिकाच मागितली!

वाचकहो, माझे भांडण वनस्पतींच्या अर्काशी नाही. शेवग्याच्या कोवळ्या पाल्याचा रस गाळून, तीस पट पाण्यात मिसळून फवारता येतो; पिकाच्या वाढीला चालना देणारे झिएटिन नावाचे द्रव्य त्यात असते. शेवाळाचा अर्क खारेपणाचा ताण सोसायला पिकाला मदत करतो. आमच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात ही काही लहान गोष्ट नव्हे. भांडण आहे ते चमक दाखवून कसाचे पैसे घेणाऱ्या व्यापाराशी.

सरकारने २०२१ साली ही जैव-उत्तेजके खत नियंत्रण आदेशाखाली आणली. त्यांच्या व्याख्येत उत्पन्नाबरोबर पिकाचा दर्जाही आहे, आणि विक्रीपूर्वी शेतावरच्या चाचण्यांची अट आहे. तरीही २०२५ साली खुद्द केंद्रीय कृषिमंत्र्यांनी सांगितले, की अशी सुमारे ३०,००० उत्पादने वर्षानुवर्षे तपासणीविना विकली जात होती. कडक तपासणीनंतर सुमारे ६५० उरली. मग बाकीच्यांचे पैसे कोणी भरले? माझ्या चुलतभावासारख्यांनीच!

वर्गात मुलाची पाठ थोपटली, की ते उभारीने अभ्यासाला लागते. पण उपाशी पोरगे नुसत्या शाबासकीवर किती दिवस तग धरील? उत्तेजक म्हणजे पिकाला दिलेली शाबासकी. भाकरी जमिनीनेच द्यायची असते. आमच्या काळ्या जमिनीत पुष्कळ ठिकाणी जस्ताची वाण आहे. जे जमिनीत नाही, ते मुळांनी आणावे कोठून? उलट पीक नुसते फोफावले, तर तेवढेच क्षार अधिक पाल्यात वाटले जातात. वजन वाढते आणि कस पातळ होतो.

घाट ओलांडला की मेळघाट लागतो. तेथल्या मुलांच्या कुपोषणावर आपण सभांतून हळहळतो, आणि बाजारात येताच भाजीची किंमत केवळ किलोवर ठरवतो!

म्हणून माझे मागणे साधे आहे. आधी माती तपासा, मग बाटली घ्या. दोन तास बिनफवारणीचे सोडा, आणि दोन्हींकडची पाने तपासून घ्या. अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. त्याने हे आकडे गावोगावच्या फळ्यावर लिहावेत. आणि ज्या बाटलीवर 'दर्जा' लिहिले आहे, तिच्यावर कोणते पोषक द्रव्य किती वाढते, हेही छापण्याची सक्ती असावी.

लक्ष्मीपूजनाला तराजूवर हळदकुंकू वाहाल, तेव्हा एवढे ध्यानात ठेवा: त्याला वजन कळते, कस कळत नाही. तो आपल्यालाच विचारावा लागेल.