सभागृहात प्रमाण, वस्तीत मक्तेदारी
दिल्ली महापालिकेच्या निवडणूक पद्धतीचा वर्गीय अर्थ

दिल्ली महापालिकेच्या २०२२ साली निवडलेल्या सभागृहाची पहिली बैठक ६ जानेवारी २०२३ रोजी भरली. कायद्याने सभागृहाची मुदत पाच वर्षांची. ती संपण्यापूर्वी राजधानीतील जनतेला पुन्हा मतदानासाठी पाचारण केले जाईल. भांडवली पक्षांचा प्रचार कोणत्या विषयांभोवती फिरेल हे सांगावयास ज्योतिषी नको. कचऱ्याचे डोंगर कोणामुळे वाढले, गटारे कोणी तुंबवली, यावर एकमेकांचे वाभाडे काढले जातील. परंतु मतदाराने दिलेल्या मताचे जागांत रूपांतर कसे होते, या प्रश्नाला त्यांपैकी एकही पक्ष हात लावणार नाही. कारण ज्या पद्धतीवर त्यांची मक्तेदारी उभी आहे, ती पद्धतच त्यामुळे उघडी पडेल.

आकडे काय सांगतात?

दिल्लीत आज २५० वॉर्ड आहेत. प्रत्येक वॉर्डातून एक नगरसेवक. ज्याला सर्वांत जास्त मते पडतील तो विजयी, मग ती निम्म्याहून कितीही कमी असोत. या पद्धतीची फळे पाहा. २०१७ साली, महापालिका तीन तुकड्यांत विभागलेली असताना, २७० जागांसाठी मतदान झाले. भाजपला सुमारे ३६ टक्के मते पडली आणि जागा मिळाल्या १८१, म्हणजे दोन तृतीयांश! दिल्लीच्या जवळजवळ दोन तृतीयांश मतदारांनी ज्यांना नाकारले, त्यांच्याच हाती तिन्ही महापालिका गेल्या.

४ डिसेंबर २०२२ रोजी पुन्हा मतदान झाले. आम आदमी पक्षाला सुमारे ४२ टक्के मते व १३४ जागा, भाजपला ३९ टक्के मते व १०४ जागा, काँग्रेसला १२ टक्क्यांच्या आत मते व केवळ ९ जागा मिळाल्या. मतांच्या प्रमाणात काँग्रेसच्या वाट्याला २९ जागा यावयास हव्या होत्या. आम्हांला काँग्रेसचा कळवळा आलेला नाही. तिने सत्तेवर असताना याच पद्धतीचा वर्षानुवर्षे लाभ उठवला. प्रश्न तत्त्वाचा आहे. शिवाय त्या दिवशी मतदान झाले ते जेमतेम निम्मे. म्हणजे शंभर नोंदलेल्या मतदारांपैकी एकवीस जणांनी पसंती दिलेला पक्ष 'स्पष्ट बहुमता'चा धनी ठरला.

आणि डावे पक्ष? त्यांच्या पदरी एकही जागा आली नाही. त्यामागे आपल्या संघटनात्मक दुबळेपणाचा भाग आहे, तो झाकण्याचे कारण नाही. परंतु बांधकाम मजूर, सफाई कामगार, घरकामगार स्त्रिया, फेरीवाले हे एका वॉर्डात एकवटून राहत नाहीत. ते सबंध शहरभर विखुरलेले असतात. विखुरलेल्या वर्गाचे मत एकसदस्य वॉर्डात वाया जाते, आणि 'मत वाया घालवू नका' ही धमकी देऊन भांडवली पक्ष तेच मत आपल्या झोळीत पाडून घेतात. त्यात २०२२ साली उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा होती आठ लाख रुपये. रोजंदारीवर जगणाऱ्याने ही स्पर्धा कोणाच्या बळावर करावी?

एकच कायदा, दोन न्याय

प्रमाणशीर प्रतिनिधित्व भारतासारख्या देशात अव्यवहार्य आहे, अडाणी मतदाराला ते झेपणार नाही, असे सांगणारे पंडित पुष्कळ आहेत. त्यांनी दिल्ली महापालिकेचाच कायदा उघडून पाहावा. महापालिकेची आर्थिक नाडी स्थायी समितीच्या हाती असते. मोठी कंत्राटे तेथेच मंजूर होतात. या समितीच्या अठरा सदस्यांपैकी बारा विभागीय समित्यांतून येतात आणि सहा सभागृहातून निवडले जातात. हे सहा कसे निवडतात? एकल संक्रमणीय मताने, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने! प्रत्येक नगरसेवक आपल्या पसंतीचे क्रम लिहितो. २५० मते पडली तर ३६ मतांचा कोटा ठरतो. तो जो गाठेल तो निवडून येतो, आणि त्याची जादा मते पुढील पसंतीकडे वळतात. त्यामुळे अल्पमतातील गटालाही त्याचा वाटा मिळतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये या सहा जागांसाठी नगरसेवक सभागृहात हातघाईवर आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि अखेर दोन्ही पक्षांच्या पदरात तीन-तीन जागा पडल्या.

महाराष्ट्रातील महापालिकांतही तोच न्याय आहे. तेथे स्थायी समितीतील जागा पक्षांच्या 'तौलनिक संख्याबळा'नुसार वाटल्या जातात.

याचा अर्थ उघड आहे. तिजोरीच्या किल्ल्या आपसांत वाटून घेताना सत्ताधारी वर्गाच्या पक्षांना प्रमाणाचा न्याय हवा असतो. तो तेथे अव्यवहार्य ठरत नाही. वस्तीतल्या कष्टकऱ्याने तोच न्याय मागितला की मात्र स्थैर्य धोक्यात येते! राज्यसभेची निवडणूकही याच संक्रमणीय मताने होते. वरच्यांसाठी प्रमाण, खालच्यांसाठी सर्वाधिक मतांचा वरवंटा: एकाच व्यवस्थेचे हे दोन चेहरे आहेत.

मताची लूट मतपेटीनंतरही

मतदान संपले की जनतेचा कौल सुरक्षित राहतो असेही नाही. दिल्लीत महापौर दरवर्षी निवडला जातो आणि त्या मतदानात २५० नगरसेवकांबरोबर लोकसभेचे सात व राज्यसभेचे तीन खासदार आणि अध्यक्षांनी नेमलेले चौदा आमदार भाग घेतात. पक्षांतरबंदी कायदा येथील नगरसेवकांना लागू नाही. महाराष्ट्रात त्यासाठी १९८६ पासून स्वतंत्र कायदा आहे. २०२३ मध्ये नायब राज्यपालांनी नेमलेल्या दहा सदस्यांनाही महापौराच्या निवडणुकीत मताचा अधिकार देण्याचा डाव टाकला गेला. तीन बैठका उधळल्यानंतर १७ फेब्रुवारी रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. २०२२ साली जिला जनतेने दुसऱ्या क्रमांकावर ठेवले, त्या भाजपचा महापौर एप्रिल २०२५ मध्ये मधल्या पक्षांतरांच्या जोरावर खुर्चीत बसला.

महापौराच्या हाती तरी काय आहे? प्रशासनाची सत्ता आयुक्ताकडे आणि आयुक्त नेमते केंद्र सरकार. नवी दिल्ली नगरपरिषदेच्या हद्दीत तर १९९४ च्या कायद्याने नगरसेवक निवडण्याचा हक्कच रहिवाशांना दिलेला नाही. यमुनेपलीकडे, लक्षावधी कामगारांच्या श्रमांवर उभ्या राहिलेल्या नोएडाने, १९७६ साली प्राधिकरण स्थापन झाल्यापासून, निवडून आलेल्या पालिकेवाचून दशकेच्या दशके काढली.

निवडणूक केव्हा घ्यावयाची हेही सत्ताधारी आपल्या सोयीने ठरवतात. १९८३ नंतर दिल्ली महापालिकेची पुढची निवडणूक झाली थेट १९९७ साली. पाच वर्षांची मुदत आणि बरखास्तीनंतर सहा महिन्यांत निवडणूक, हे बंधन ७४ व्या घटनादुरुस्तीने घातल्यावरही पळवाट सापडलीच. ९ मार्च २०२२ रोजी, तारखा जाहीर व्हावयाच्या त्याच दिवशी, केंद्राने एकीकरणाचा मुद्दा पुढे केला व निवडणूक लांबणीवर पडली. सहा आठवड्यांनी, २० एप्रिल रोजी, उत्तर दिल्ली महापालिकेचे बुलडोझर जहांगीरपुरीत शिरले. सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे' आदेश दिला तरी पाडकाम थांबेना, तेव्हा कॉ. वृंदा करात आदेशाची प्रत घेऊन बुलडोझरसमोर उभ्या राहिल्या. मतदारांपुढे जाण्याची धास्ती दूर झालेली सत्ता गरिबाच्या घराशी कशी वागते, याचा यापेक्षा कोणता पुरावा हवा? मुंबईतही तेच घडले: महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. तोवर कारभार होता प्रशासकाचा.

महाराष्ट्राचा धडा

महाराष्ट्रातील कॉम्रेड म्हणतील, आमच्याकडे बहुसदस्य प्रभाग आहेतच. खरे आहे, परंतु त्यांचा उपयोग पाहा. मुंबईबाहेरच्या महापालिकांत २००२ साली तीन सदस्यांचे प्रभाग, २००७ साली एकाचे, २०१२ साली दोघांचे, २०१७ साली चौघांचे! सत्तेवरील पक्षाला जे सोयीचे ते माप. चार जागांच्या प्रभागात मतदार चार मते देतो आणि प्रत्येक जागेचा निकाल पुन्हा सर्वाधिक मतांनीच लागतो. दहा हजार मतदारांनी तीन पॅनेलना अनुक्रमे ४२००, ३५०० व २३०० अशी मते दिली, तर पहिले पॅनेल चारही जागा लुटते. उरलेल्या ५८०० मतदारांच्या हाती शून्य.

याच प्रभागात प्रत्येकाला एकच, पण संक्रमणीय, मत द्या. कोटा होईल २००१ मतांचा. पहिल्या पॅनेलला दोन जागा, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला एक. प्रभाग तोच, मतदार तेच, जागाही तितक्याच. बदलली ती केवळ मोजणी. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुका कित्येक दशके अशाच होत आहेत आणि स्कॉटलंडने २००७ पासून तीन-चार सदस्यांच्या वॉर्डांत हीच पद्धत स्वीकारली आहे. स्त्रियांच्या व अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांची हमी या मोजणीत गुंफावी लागेल. तिला बाध आणणारी कोणतीही सुधारणा आम्हांस मान्य नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप अस्थैर्याचा. २०१७ सालच्या प्रचंड बहुमताने कोणते स्थैर्य दिले? त्याच वर्षी १ सप्टेंबरला गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर कोसळून दोन माणसे मेली. त्यापूर्वी २०१५ साली पूर्व दिल्लीच्या सफाई कामगारांना थकलेल्या पगारासाठी संप करावा लागला, तोही बहुमतातील सत्तेच्याच काळात. कामगाराचा पगार वेळेवर होईल इतके स्थैर्य ज्यांना देता आले नाही, त्यांनी आम्हांस स्थैर्याचे पाठ देऊ नयेत.

दुसरा आक्षेप आपल्याच छावणीतून येतो: भांडवली निवडणुकीच्या नियमांची चर्चा म्हणजे सुधारणावाद, त्यापेक्षा रस्त्यावर उतरा. रस्त्यावर उतरलेच पाहिजे. परंतु १८७१ च्या पॅरिस कम्यूनने आपले सदस्य शहरातील विभागांतूनच, सार्वत्रिक मताधिकाराने निवडले आणि त्यांना माघारी बोलावण्याचा हक्क जनतेकडे ठेवला, याची मार्क्सने किती आस्थेने नोंद घेतली! प्रतिनिधी कसा निवडावा हा प्रश्न कामगारवर्गाने शत्रूच्या हाती सोडावयाचा नसतो. संपाला, घर वाचवण्याच्या लढ्याला सभागृहात आवाज मिळाला तर तो लढा बळावतो.

आपले कार्य

येत्या निवडणुकीत पक्षाने पुढील मागण्या वस्तीवस्तीत नेल्या पाहिजेत: बहुसदस्य वॉर्डांतून संक्रमणीय मताने प्रमाणशीर निवडणूक, निवडणूक लांबणीवर टाकण्याच्या पळवाटांना बंदी, पक्षांतर करणाऱ्याची जागा रिक्त, नगरसेवकाला माघारी बोलावण्याचा मतदारांना हक्क, निवडून आलेल्या सभागृहाला जबाबदार असणारे प्रशासन, आणि नवी दिल्ली व नोएडातील रहिवाशांना पालिकेचा मताधिकार.

दिल्लीतील मराठी पक्षसभासद संख्येने थोडे असले तरी त्यांनी ही चर्चा आपल्या शाखांत आणि मराठी कष्टकऱ्यांत घडवून आणावी. पुणे, सोलापूर, नाशिक, नांदेड येथील कॉम्रेडांनी आपापल्या महापालिकेच्या गेल्या निवडणुकीतील मते व जागा यांचा ताळा स्वतः मांडून तो सभेत वाचून दाखवावा. भाषणांनी जे पटत नाही ते हा हिशेब पटवील. १९५८ साली स्थापन झालेल्या दिल्ली महापालिकेच्या पहिल्या महापौर अरुणा असफ अली होत्या, स्वातंत्र्यलढ्याच्या रणरागिणी. त्या सभागृहात श्रमिकांचा आवाज पुन्हा घुमवावयाचा असेल, तर प्रत्येक मताला समान मोल मिळवून देण्याचा लढा आजपासूनच उभारला पाहिजे!